पुलाखालचा पूल

मंगळवारी आणि शुक्रवारी
जुन्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर
मी बरण्या विसळते.
एकेकाळी लोणच्याच्या होत्या,
झाकणांना अजून व्हिनेगरचा वास.
चौदा बरण्या, चौदा जणांचं गढूळ पाणी.
चित्रं मी बघत नाही. ते अझेमिनाचं काम,
तिने त्याचं शिक्षण घेतलंय, साराजेव्होहून बसने येते.
कुणालाही विचारत नाही, हे काय काढलंस.
एवढंच म्हणते, अजून कागद हवा?

मला पाण्यावरून कळतं.

शेम्सोचं पाणी कायम दुधासारखं.
पांढऱ्या कागदावर पांढरा रंग,
वाळला की पुन्हा पांढरा.
एकोणिसाव्या वर्षी त्याला पुलावर उभं केलं होतं,
माणसं तीन, रायफल एक, पाळीपाळीने.
आता पन्नाशी उलटली.
लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो,
आकडे सरळ येतात, रात्र येत नाही.
एकदाच बोलला होता, तेही नळापाशी,
माझ्याकडे पाठ करून:
फळ्यांखाली कुणीतरी चालतं.
ठक्. घसर. ठक्. घसर.
चालतंच राहतं, पोचत नाही.

हात्काबाईंच्या पाण्याचा भरवसा नाही,
कधी हिरवं, कधी काळं, एकदा चक्क चहा.
मी शेगडीसाठी येते, म्हणतात,
घरी लाकूड महाग.
पोस्टात तिकिटं विकण्यात जन्म गेला.
वेढ्यातल्या द्रिना नदीवरची पाणचाकं काढतात,
पत्र्याचे ड्रम, दोर, वायर,
नदी फिरवायची आणि खिडकीत एक दिवा लागायचा.
कुणी युद्धाचं विचारलं तर हात झटकतात:
लढले ते लढले. आम्ही काय,
आम्ही नुसते जगलो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी
शेम्सोची बरणी करडी झाली.
मीही मग मान वर केली.
त्याने पूल काढला होता.
कठडा, खांब, पलीकडची टेकडी,
जिथून नेम धरायचे ती.
बाई खुर्ची सरकवत आल्या, चष्मा नाकावर:
अरे, अर्धाच काढलास.
खालचा कुठाय?

आणि न विचारता, त्याच्या हातातलाच कुंचला घेऊन
पुलाच्या पोटाखाली एक तपकिरी रेघ ओढली.
लोंबत्या फळ्या. टेकडीला न दिसणाऱ्या.
इथून मी पीठ न्यायचे, म्हणाल्या,
नवऱ्याचे बूट घालून. तो गेला, बूट राहिले.
पंचेचाळीस नंबर, माझा पाय सदतीसचा.
पुढे चिंध्या कोंबायचे, तरी टाच सुटायची.

माझ्या हातातली बरणी भरून वाहू लागली.
मी नळ बंद केला नाही.

शेम्सो कागदाकडेच बघत होता.
मग म्हणाला, डावा जास्त वाजायचा.

डाव्याची नाडी तुटली होती, बाई म्हणाल्या.
तुला रे काय ठाऊक?

त्याने उत्तर दिलं नाही.
अझेमिना उठली, दोघांच्या मधे
एक मोठा कागद ठेवून परत खिडकीशी गेली.
त्या दिवशी त्यावर कुणी काही काढलं नाही.
कोपऱ्यात बाईंच्या बोटाचा तपकिरी ठसा,
चुकून लागलेला.

झोप लागते का, मी विचारलं नाही.
पुढच्या मंगळवारी तोच आला नळाशी,
स्वतःची बरणी स्वतः धुवायला.
अजून वाजतं, म्हणाला.
पण पिठाचा वास येतो.
मग बराच वेळ त्या पुसलेल्या बरणीलाच पुसत राहिला,
आणि वखारीला उशीर होतोय म्हणून निघून गेला.

गोराज्देत तेव्हा मी अकरा वर्षांची होते.
कुठल्या तळघरात, कुणाबरोबर,
ते इथे कुणाला माहीत नाही.
फडताळात, चुन्याच्या डब्यामागे,
पंधरावी बरणी आहे. कोरडी.
अझेमिनाने ती बघितली असणार.
काही म्हणत नाही.
कागद मात्र दर वेळी
पंधरा मोजते.